टोकाच्या घरचा कोंबडा

ज्या देवाला मी मानत नाही त्या देवाने आमचं घर वगळलं, ही बातमी बाबूने मला बशीतला चहा फुरकता फुरकता सांगितली. मी कचेरीतून नुकताच आलो होतो. एक चप्पल काढली होती, दुसरी काढायची होती, ती मग बराच वेळ पायातच राहिली. बाबू आमच्या वाडीतला. देवरूखच्या अलीकडे डोंगराच्या पोटात आमची वाडी आहे. तिथून तो रत्नागिरीला कलमांच्या कामाला यायचा आणि जाताना आमच्याकडे चहा पिऊन बातम्या टाकून जायचा. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या पोरीला बघायला आले, त्याच सुरात त्याने ही टाकली. "यंदा राखणीला तुमचा कोंबडा धरलेला नाय." आई गॅलरीच्या दारात बसली होती. तिच्या काखेत कोंबडी होती आणि हातात त्याच कोंबडीचं एक पीस. कोंबडी खुडूक झाली होती, म्हणजे अंडी द्यायची थांबून नुसती उबवायला बसत होती. कशावरही, रिकाम्या खोक्यावर, माझ्या बुटावर. अशा कोंबडीचं डोकं ठिकाणावर आणायला तिच्या नाकपुड्यांतून तिचंच पीस आरपार ओवतात. मग ती ते पीस काढायच्या खटपटीत राहते आणि आई व्हायचं विसरते. माणसांसाठीही हाच उपाय वापरतात, फक्त पिसाच्या जागी नोकरी असते. आई पीस ओवणार तेवढ्यात बाबू बोलला, आणि तिचा हात कोंबडीच्या नाकाशी थांबला.

"कोन म्हनला?"

"रावजीकाका. गावकर हाय तो, त्यानंच बोलायचा."

"काय म्हनून?"

"घर बंद, चूल बंद. ज्याच्या घरात चूल पेटत नाय त्याच्या घरचा कोंबडा कुटचा, असा बोलला. आनि खरा सांगू काय गोदाकाकी? गिरन्यांचा संप झाल्यापासना मुंबयची सगली मानसा येऊन बसलीत. वाटे पुरत नायत."

आईने कोंबडीकडे पाहिलं. मग ते पीस गॅलरीतून सोडून दिलं. ते गिरक्या घेत खाली घरमालकांच्या तुळशीपाशी जाऊन पडलं. कोंबडीला तिने खोक्यात ठेवलं आणि मला म्हणाली, "शिवा, अंडी आन."

मी संतापलो होतो. हा संताप नीट समजून घेतला पाहिजे, कारण मला तो अजून समजलेला नाही. वाडीच्या सीमेवर ऐनाच्या झाडाखाली एक उभा दगड आहे. तो वाडीची राखण करतो अशी सगळ्यांची समजूत. दगडाची स्वतःची काय समजूत आहे ते कुणी विचारलेलं नाही. मार्गशीर्षात एके दिवशी प्रत्येक घराने त्याला एक कोंबडा द्यायचा. कोंबडा घरच्या कोंबडीने उबवलेला पाहिजे, बाजारचा चालत नाही. सगळे कोंबडे तिथेच कापायचे, मांस एका टोपल्यात एकत्र करायचं, आणि गावकराने, म्हणजे वाडीच्या मानकऱ्याने, सागाच्या पानांवर घरटी वाटे घालायचे. वाटे वरच्या घरापासून सुरू होतात आणि उतरत उतरत वाडीच्या टोकाशी थांबतात. टोकाचं घर आमचं. तोवर टोपल्यात माना आणि पाय उरलेले असत. लहानपणी मी दर वर्षी ते पान उघडून बघायचो, कारण लहानपणी माणूस मूर्ख असतो, आणि दर वर्षी आत मान आणि पाय. "आबा, आपल्या कोंबड्याला तंगड्या नव्हत्या काय?" मी एकदा रडत विचारलं. माझा बाप भागोजी विडी पेटवत म्हणाला, "व्हत्या की. वरच्या घरांकडं चालत गेल्या." मी सोळाव्या वर्षी नास्तिक झालो त्याला कॉलेजातली पुस्तकं कारण होती असं मी सांगतो, खरं कारण कोंबडीचे पाय. जो देव आमचा कोंबडा अख्खा घेतो आणि नखं परत करतो, तो असून नसून सारखा. तेव्हा मी त्याला काढून टाकलं होतं. पण हे मी त्याला कधी कळवलं नव्हतं, वर्षानुवर्षं आमचा कोंबडा बिनबोभाट जात होता. आणि आता तो, जो मुळात नव्हताच, मला न विचारता आम्हांला काढून टाकत होता. ही कुठली रीत?

आबा वारले, आणि गेल्या राखणीनंतर मी आईला रत्नागिरीत आणलं. तिने बरोबर एक ट्रंक, एक विळी आणि ही कोंबडी आणली. मला वाटायचं ती इथे रमली. ती खालच्या नळावर भांडायची, मासेवालीला नावं ठेवायची, शेजारच्या टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईच्या साडीला नावं ठेवायची. याहून जास्त माणूस कुठे कसं रमतं? बाबू गेल्यावर मी तिला म्हटलं, "आये, गेलं तर गेलं. वर्षाला एक मान आणि चार पाय. मी बाजारातून अख्खा कोंबडा आणतो तुला."

"वाटा गेला की घर गेला, शिवा. उद्या मी मेले तर वाडीतना कोन येल खांदा द्यायला? का तुजी कचेरी येनार, साडेधा ते साडेपाच?"

कचेरी आली नसती. आमच्या कचेरीत माणूस टेबलावर मेला तरी त्याला दुसऱ्या टेबलाकडे पाठवतात. मी अंडी आणायला गेलो.

बाजारात मी दुकानदाराला म्हटलं, गावठी पाहिजेत. त्याने छान तांबूस अंडी दिली. आईने खोक्यात भाताचा पेंढा घातला, कोळशाचा तुकडा ठेवला, आणि म्हणाली लोखंड पाहिजे, नाहीतर वैशाखातल्या गडगडाटाने अंडी नासतात. घरात खिळा सापडेना, तेव्हा मी कचेरीतून घरी आणलेलं पंचिंग मशीन ठेवलं. कोंबडी एकदा माझ्याकडे, एकदा मशीनकडे बघून अंड्यांवर पसरली, पोटाखाली चोचीने एकेक अंडं ओढून घेतलं आणि डोळे अर्धे मिटले. आठवडाभराने आईने तिला उचललं. तिच्या पोटाची पांढरी पिसं तपकिरी झाली होती. अंडी पांढरीफेक पडली होती. आईने बोट ओलं करून एका अंड्यावर घासलं, हुंगलं आणि माझ्यापुढे धरलं. चहा. पोल्ट्रीची अंडी चहात बुडवून गावठी केलेली. तिने मुठीची नळी करून एक अंडं उन्हाकडे धरलं आणि दुसऱ्या टोकाने आत पाहिलं. "काय नाय. नुसता पानी." मी तसाच दुकानात गेलो. माझ्या पायांत त्या दिवशी दोन्ही चपला होत्या की नाही आठवत नाही.

"तुमची अंडी उबत नाहीत," मी म्हणालो.

"आम्लेट होतं ना?"

"अहो, त्यांच्यावर कोंबडी बसलीय! आठवडा झाला, जेवणखाण सोडून बसलीय!"

"मग तिला सांगा," दुकानदार म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

हे वाक्य मी पुढे कित्येक दिवस बरोबर घेऊन फिरलो. मग तिला सांगा. कुणी सांगायचं? कुठल्या भाषेत? ती अजूनही बसलीच होती, खाली आईने ठेवलेल्या रिकाम्या पेंढ्यावर, त्याच निष्ठेने. जिने आयुष्यात कोंबड्याचं तोंड पाहिलेलं नाही अशा पिंजऱ्यातल्या कोंबडीची बिनबापाची अंडी, वर चहाचा हात, आणि त्यावर हिची छाती. फसवणुकीचे एवढे थर कचेरीतही एका वेळी बघायला मिळत नाहीत. माझा राग रावजीवरून दुकानदारावर, दुकानदारावरून चहावर गेला. चहा मी दोन दिवस सोडला आणि मग डोकं दुखायला लागल्यावर त्याला माफ केलं. आई मात्र रागावली नाही. तिने बाबूबरोबर निरोप धाडला, आणि कुणाकडे म्हणाल तर चिमाकाकीकडे, म्हणजे रावजी गावकराच्याच बायकोकडे.

"त्याच्याच घरची अंडी? आये, तुला काही वाटतं का?"

"चिमाचा कोंबडा जातवान हाय. आनि उबवायला अंडी मागितली तर कोन नाय म्हनत नाय. पैशे घ्यायाचे नायत, उपकार धरायाचे नायत. पिल्ला झाली की एक पिल्लू परत धाडायचा. मिटला."

"आणि रावजीला कळलं तर?"

"अंडी बायकांची. त्यात गावकराचा काय काम?"

बाबूने अंडी भाताच्या कोंड्यात पुरून डब्यातून आणली, एसटीत डबा मांडीवर घेऊन, उभ्या बाईला जागा न देता. चिमाकाकीने एक अंडं जास्त घातलं होतं, कारण रवणीला, म्हणजे कोंबडी उबवायला बसवताना, विषम अंडी लागतात, आणि एक निरोप: "ह्यांना सांगू नको."

त्यानंतरचे दिवस मी कोंबडीसमोर बसून काढले. कचेरीतून यायचो, स्टुलावर बसायचो. ती एका डोळ्याने माझ्याकडे बघायची. कोंबडीला समोरच्याकडे एकाच डोळ्याने बघता येतं, त्यामुळे ती कायम संशय घेतल्यासारखी दिसते, आणि मला वाटतं तिचा संशय बरोबर असतो. खोक्यातून गरम, आंबूस, पेंढ्याचा आणि पिसांचा वास यायचा. तो वास मला पार मागे न्यायचा, आमच्या पडवीत, डालग्याखाली बसलेल्या कुठल्यातरी जुन्या कोंबडीच्या पोटाखाली मी हात घातला होता तिथे. काय ऊब होती ती. आईच्या पदराखालीही नव्हती तशी. आईचा पदर बहुतेक ओला असायचा. हात घातल्यावर कोंबडीने टोचलं होतं, रक्त आलं होतं, तरी हात काढवला नव्हता. आता माझ्या हातांना फक्त टाइपरायटरची बटणं लागत होती. तिचा तुरा फिका पडत चालला. दिवसातून एकदा ती उठायची, दाणे टिपायची, पाणी प्यायची, एक प्रचंड विष्ठा टाकायची आणि धावत परत जायची, जशी काही मागे कुणीतरी जागा धरेल. मी कचेरीत यंत्रावर बसलो की मनात अर्ज तयार व्हायचा: प्रति, माननीय राखणदार साहेब, वाडीची सीमा, ऐनाच्या झाडाखाली. विषय: टोकाचे घर वगळल्याबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर की आपण अस्तित्वात नाही. तरी फेरविचार व्हावा.

पिल्लं फुटायच्या दिवशी मी रजा टाकली. आत किलबिल सुरू झाली, कवचांना तडे गेले, एकेक ओलं, केविलवाणं, म्हाताऱ्यासारखं दिसणारं पिल्लू बाहेर पडून कोंबडीच्या पिसांत शिरलं. एक अंडं मात्र टोचा मारून थांबलं. भोकातून चोच दिसत होती, हलायची, थांबायची, हलायची. "हात लावू नको," आई म्हणाली. "ज्याचा त्याला फोडू दे." आणि ती पाण्याला गेली. मी बघत बसलो. त्या कवचाचा मला संताप आला. एवढंसं पांढरं कवच, आणि आत एक जीव श्वासाला मोताद, आणि सगळ्यांनी म्हणायचं ज्याचं त्याने बघावं! मी नखाने कवच सोललं. पिल्लू बाहेर आलं, जगलंही, पण त्याच्या उजव्या पायाचं मधलं बोट वाकडं राहिलं. आईने येऊन पाहिलं. "कोन शाना मदतीला गेला व्हता?" मी पंचिंग मशीनकडे पाहिलं.

कबुलीप्रमाणे एक पिल्लू बाबूबरोबर चिमाकाकीकडे गेलं. एक कावळ्याने उचललं. त्या कावळ्याला मी चप्पल मारली, ती खालच्या धाकूकाकांच्या चहात पडली. धाकूकाका आमचे घरमालक, मूळचे केळशीचे, आयुष्य बोटीवर काढून निवृत्त झालेले. ते चप्पल घेऊन वर आले. "कोंबडी चालेल," ते म्हणाले, "पिल्ली चालतील. पण आरवणारा प्राणी माझ्या घरात नको. तीस वर्षं बोटीच्या भोंग्याने उठलोय. आता मला कुणी उठवायचं नाही." मी म्हणालो, ठीक. बाकीची पिल्लं मोठी होत गेली तसतशी एकेक कोंबडीच निघाली. पावसाळाभर आम्ही दोघं गॅलरीत बसून त्यांच्या डोक्यांकडे बघत होतो, तुरा कुणाला फुटतो म्हणून. निकालाची वाट बघणाऱ्या पालकांसारखे. तुरा फुटला तो एकालाच. वाकड्या बोटाच्या.

त्याचं सगळं बालपण सिमेंटवर गेलं. गॅलरीच्या लादीवर तो नखांनी खरवडायचा, आवाज पाटीवर पेन्सिल घासल्यासारखा, आणि खाली काही निघायचं नाही. तरी रोज खरवडायचा. कोंबडी त्याला शिकवायची. दोन पावलं मागे, खरवड, बघ. काही नाही. दोन पावलं मागे, खरवड, बघ. मला ते बघवायचं नाही आणि मी रोज बघायचो. आरवायला लागला तो संध्याकाळी सातला, गल्लीतली ट्यूबलाइट फडफडत लागली तेव्हा. पहाट त्याच्या हिशेबात नव्हतीच, समोरच्या इमारतीने ती अडवली होती. धाकूकाका तडक वर आले. मी भांडणाच्या तयारीने बाह्या सारल्या. त्यांनी कोंबड्याकडे निरखून पाहिलं, मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि म्हणाले, "लंडनमध्ये आता दुपार आहे. हा कुठल्या बंदराचा टाइम धरतोय?" दुसऱ्या दिवसापासून ते रोज सातला खुर्ची घेऊन वर येऊ लागले. दिवे गेले आणि कोंबडा आरवला नाही, तर त्यांना झोप लागेना. मार्गशीर्ष लागला तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "दुसरा नाही का चालत? कोंबडा म्हणजे कोंबडा."

"दुसरा चालत नाही," मी म्हणालो, आणि माझ्या आवाजातली कळकळ ऐकून मलाच कसंसं झालं. मी कोणाच्या बाजूने बोलत होतो?

सकाळच्या एसटीने निघालो. कोंबडा पिशवीत, मान बाहेर. "आरवला तर प्रवासी, नाय आरवला तर सामान," कंडक्टर म्हणाला. हातखंब्याच्या पुढे धुकं होतं, ड्रायव्हरने दिवे लावले, आणि कोंबडा खणखणीत आरवला. कंडक्टर आला आणि त्याने अर्धं तिकीट फाडून दिलं. सबंध गाडी हसली. मी ते तिकीट खिशात जपून ठेवलं. एसटीने तरी त्याला मोजलं होतं. बाकी वाटभर मी भाषण तयार करत होतो. त्यात आबा होते, आबांनी खांद्यावरून वाहिलेले दगड होते, गिरण्यांचा संप होता, आणि शेवटी एक असं वाक्य होतं की त्यानंतर रावजी गावकराला पंचा डोक्यावर घेऊन निघून जाण्यावाचून मार्ग उरत नव्हता. ते वाक्य मी विसरलो आहे.

ऐनाच्या झाडाखाली सगळी वाडी होती. संपावरची माणसं बनियनवर उकिडवी बसली होती, शहराची सवय असलेली, काय करायचं ते न कळणारी. परळला उभी राहायची तशी पानाच्या दुकानाशी राहावीत तर इथे दुकान नव्हतं. रावजी दगडापाशी उभा होता, वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा. आईने पिशवी उघडून कोंबडा खाली सोडला. त्याचे पाय जमिनीला लागले आणि त्याने एक पाय वर उचलला. तो ठेवला, दुसरा उचलला. लाल माती त्याला ठाऊकच नव्हती. चटका बसल्यासारखा तो एका जागी नाचत होता, आणि लोक हसत होते. "ह्यो तर स्लॅबवरचा हाय," कुणीतरी ओरडलं. माझे कान तापले. मी भाषणाला तोंड उघडलं, तेवढ्यात रावजी बोलला.

"गोदा वैनी, ह्यो कोंबडा कुटचा?"

"माज्या कोंबडीचा."

"अंडी कोनाची?"

आईने क्षणभर चिमाकाकीकडे पाहिलं. चिमाकाकीने पदर दाताखाली धरला होता. म्हणजे त्याला कळलं होतं.

"तुज्या घरची," आई म्हणाली. "त्याचा पिल्लू परत पोचला. तुज्या अंगनात फिरतंय."

"फिरूंदे. अंडा माज्या घरचा, म्हंजे कोंबडा माज्या घरचा. आनि उबला कुटं? रत्नागिरीत, दुसऱ्याच्या माडीवर. तुज्या घरचा त्यात काय?"

"बरा," आई म्हणाली. "तुजी नातवंडा कुटं झाली रे रावजी?"

"आता ह्यात नातवंडा कशाला?"

"परलच्या हास्पितलात झाली ना? दुसऱ्याच्या माडीवर. मग ती कोनाची? तुजी का हास्पितलाची? त्यांना तू घरची धरतोस. माज्या कोंबड्याला तेवढा जागा इचारतोस?"

आधी बायका हसल्या, मग बनियनवाले, आणि सगळ्यांत मोठ्याने रावजीचा थोरला मुलगा, ज्याच्या पोरांबद्दल हे चाललं होतं, धाकट्याला कडेवर घेऊन. रावजीने पंचा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. माझं भाषण माझ्या तोंडातच राहिलं, गरम आणि बिनकामाचं, न उबलेल्या अंड्यासारखं. "घेतला कोंबडा," रावजी म्हणाला. कुणीतरी कोंबड्याला उचलायला वाकलं. तोवर तो खरवडायला लागला होता. दोन पावलं मागे, खरवड, बघ. आणि या खेपेला खालून काहीतरी निघालं असावं, कारण त्याने चोच मारली, आणि तेवढ्यात त्याला उचललं. मी दुसरीकडे पाहिलं. तिथे झाड होतं. झाडाकडे माणूस किती वेळ बघू शकतो ते मला त्या दिवशी कळलं.

मग सागाची पानं मांडली गेली. रावजी टोपलं घेऊन उठला आणि वरच्या घराकडे न जाता सरळ आमच्याकडे आला. त्याने पहिलं पान आईपुढे ठेवलं. दोन तंगड्या, काळीज, छातीचा मोठा तुकडा. "रत्नागिरीसना आलाव, लांबचा परवास," तो गोड आवाजात म्हणाला. "पयला तुमाला." मी आयुष्यात पहिल्यांदा राखणीच्या पानावर तंगडी बघत होतो. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आणि त्या पाण्याबरोबर एवढ्या वर्षांचा सगळा राग खाली उतरला. देव असावा असंही क्षणभर वाटून गेलं. मी हात पुढे केला. आईने तो हात धरला.

"पयला वाटा पावन्यांचा असतो," ती म्हणाली.

रावजी टोपलं घेऊन पुढे वळत होता, तो थांबला.

"आमी पावने न्हव. टोकाचा घर शेवटाला." आणि तिने ते पान दोन बोटांनी रावजीकडे सरकवलं.

"अगं आये," मी हळूच म्हणालो, "तंगड्या आहेत."

"गप ऱ्हव."

रावजीने आधी पानाकडे, मग माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असणार, ही बाई जिंकून दमली असेल, मांसाला भुलेल. निदान हा कारकून तरी भुलेल. त्याचा निम्मा अंदाज बरोबर होता. त्याने पान उचललं आणि वरच्या घराला दिलं. तिथून एकेक घर खाली येत राहिलं. दुपारची गाडी गेली, तिचा हॉर्न डोंगरावरून ऐकू आला. माणसं पानं घेऊन उठत होती, आई मांडी घालून बसून होती, आणि मी तिच्या शेजारी, दर घराला एक तंगडी मनात मोजून निरोप देत. शेवटी रावजीने टोपलं उपडं केलं, तळाला होतं ते पानावर पडलं, आणि त्याने ते पान तिच्यापुढे ठेवलं. या वेळी गोड बोलला नाही. "घे गोदे," म्हणाला, पूर्वी म्हणायचा तसा, तुसडेपणाने. आईने पान पदरात घेतलं. तिचा चेहरा पाहून कुणाला वाटलं असतं हिला अख्खा बोकड मिळाला.

टोकाच्या घराचं कुलूप गंजलं होतं, दगडाने ठोकून उघडलं. आत कोळिष्टकं आणि उंदरांचा वास. मी म्हणालो, आता रात्र इथेच, उद्याची रजा कुणी मंजूर करायची, आणि हे सगळं कशासाठी, तर मान आणि पायांसाठी. मी बराच वेळ बोललो. भाषण एवीतेवी तयार होतंच, ते मी घराला ऐकवलं. आई चुलीत राख सारत होती. "पाय धू," ती म्हणाली. मला वाटलं माझे. तिने पान माझ्या हातात दिलं. परसात दगडावर बसून मी ते उघडलं. एक मान, आणि पिवळे खरखरीत पाय, त्यातल्या एकाचं मधलं बोट वाकडं. नखाखाली लाल माती भरली होती, ओली, घट्ट. एवढ्याशा वेळात एवढी माती त्याने कशी भरून घेतली कोण जाणे. मी पाणी ओतलं, बोटाने घासलं, काडीने काढली. सगळी निघाली नाही. मग मी काढायची थांबलो.

आत आलो तेव्हा चूल पेटत नव्हती. लाकडं दमट, घर बंद राहिल्याने सगळंच दमट. धूर कौलांतून, दारातून, खिडकीतून भसाभस बाहेर चालला होता, वरच्या घरांकडे. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, संतापाने म्हणा. मी गुडघ्यावर बसलो, फुंकणी उचलली आणि गाल फुगवले.

"फुकू नको," आई दारातून वाडीकडे बघत म्हणाली. "धूर होऊंदे."